दुसऱ्यांदा सांपडलेला मोटारचालक

शनिवारची रात्र. पुणें-नाशिक रस्त्यावर मोशीच्या अलीकडे पोलिसांनीं लोखंडी अडथळे आडवे लावलेले आहेत. चाकणच्या कारखान्यांतली दुसरी पाळी सुटून घटका-दोन घटका झाल्या आहेत. मालमोटारी, टेंपो, कामगारांच्या मोटारसायकली आणि मधूनच एखादी लांबलचक खासगी मोटार अशीं सगळीं वाहनें एका रांगेंत येऊन थांबतात. गणवेशांतला शिपाई पुढें होऊन हातांतल्या लहानशा यंत्राची नळी चालकाच्या तोंडाशीं धरतो. ‘फुंका.’ चालक फुंकतो. ‘साहेब, एकच घेतली होती,’ हें वाक्य यंत्राच्या कांचेवर आंकडा उमटण्यापूर्वींच त्याच्या तोंडून निघून गेलेलें असतें.

यंत्रावरचा तो आंकडा रक्तांतल्या मद्यार्काचा. शंभर मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क निघाला, कीं तो चालक मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ खालीं अपराधी ठरूं शकतो. पहिल्यांदा सांपडलेल्याचें पुढें काय होतें हें बहुतेकांना ऐकून ठाऊक असतें. लायसेन्स जातें, कोर्टाची पायरी चढावी लागते, दंड भरावा लागतो. पण त्याच रस्त्यावर, त्याच अडथळ्यांपाशीं, तोच मनुष्य पुन्हा सांपडला तर? आजच्या भाषणाचा विषय तो दुसऱ्यांदा सांपडलेला मनुष्य हा आहे.

हा मनुष्य पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यांतच पाहण्याचें कारण आहे. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधून वाहणारी इंद्रायणी, अशी ही भूमि. इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळा यांनीं शाइस्तेखानाच्या फौजेशीं जवळजवळ दोन महिने झुंज दिली ती चाकणच्याच भुईकोट किल्ल्यांत. पुढें अलीकडच्या काळांत चाकणचें नांव निघे तें कांद्याच्या बाजारासाठीं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि मग या माळरानांवर वाहनें बनविणाऱ्या कारखान्यांची रांगच लागली. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि बजाज हे पिंपरी-आकुर्डीच्या बाजूस. महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेन्झ हे चाकणच्या बाजूस. १९७० सालीं येथें नगरपालिका झाली, १९८२ सालीं महापालिका, आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालें. तोंवर पुणें ग्रामीण पोलिसांकडे असलेलें चाकणही त्यांत आलें. असा हा देशाला वाहनें पुरविणारा मुलूख. येथल्या पुष्कळ घरांचा संसारच चाकावर चालतो. ज्याच्या हातून चाक काढून घेतलें त्याच्या घरची चूल थंडावते. आणि नशेंत असतांही ज्याच्या हातांत तें राहूं दिलें त्याच्यामुळें दुसऱ्या कोणाच्या घरची थंडावते. कायद्याला या दोन्ही चुलींचा विचार करावा लागतो.

परदेशीं राहणाऱ्या आप्तांच्या बोलण्यांतून ‘फेलनी’ हा शब्द हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत येऊन पोंचला आहे. अमेरिकेंत लहान अपराधाला एक नांव आणि मोठ्या अपराधाला दुसरें, अशी विभागणी आहे. त्यांतला मोठा तो फेलनी. इंग्लंडांत पूर्वीं ज्या अपराधामुळें मनुष्याची जमीन व चीजवस्तु जप्त होई, त्यास हें नांव असे. गंमत अशी कीं, इंग्लंडनें ही विभागणी १९६७ सालींच मोडून टाकली आणि अमेरिकेनें मात्र ती जपून ठेवली. दारू पिऊन मोटार हांकण्याच्या बाबतींत तेथें प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा. न्यूयॉर्क राज्यांत दहा वर्षांच्या आंत दुसऱ्यांदा दोषी ठरलेला मनुष्य फेलनीचा अपराधी होतो. टेक्ससमध्यें तिसरी खेप फेलनी समजली जाते व तिला दोन ते दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. कॅलिफोर्नियांत दहा वर्षांतली चौथी खेप त्या सदरांत जाते. आणि ज्या न्यू जर्सींत मराठी कुटुंबांची बरीच वस्ती आहे तेथें तर हा अपराध कितीही वेळां केला तरी रहदारीचा नियमभंगच मानतात. मात्र तिसऱ्या खेपेस १८० दिवसांचा कारावास आणि आठ वर्षें लायसेन्स बंद, एवढें त्या ‘साध्या’ नियमभंगाचें वजन आहे! हिंजवडीहून तिकडे कामासाठीं गेलेल्या तरुणाला आणखी एक धास्ती असते. अशा प्रकरणांत नुसती अटक झाली तरी अमेरिकेचें परराष्ट्र खातें त्याचा व्हिसा रद्द करूं शकतें.

भारतीय कायद्यांत फेलनी असा वर्ग नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत तो नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही नाहीं. अपराध किती गंभीर हें पाहावयाचें तर येथें निराळे प्रश्न विचारावे लागतात. पोलिसांस वॉरंटावांचून पकडतां येतें काय? जामीन हा आरोपीचा हक्क आहे काय? आणि शिक्षा किती?

दारू आणि मोटार यांची गांठ मोटारीच्या बाल्यावस्थेंतच पडलेली आहे. १० सप्टेंबर १८९७ रोजीं लंडनमध्यें जॉर्ज स्मिथ नांवाच्या टॅक्सीवाल्यानें आपली विजेवर चालणारी गाडी एका इमारतीवर नेऊन आदळली; त्यास २५ शिलिंग दंड झाला. हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें कलम ११७ आणलें. मूळच्या त्या कलमाची कसोटी अशी कीं, वाहनावर नीट ताबा ठेवतां येऊं नये इतका चालक नशेंत आहे काय? म्हणजे शिपायाचें नाक, डॉक्टरांचे डोळे आणि वकिलांची जीभ यांवर सारें अवलंबून. अंदाज संपून आंकडा आला तो १९९४ सालच्या दुरुस्तीनें. तेव्हांपासून ३० मिलिग्रॅमची मर्यादा चालत आली आहे. जगांत ती सर्वत्र सारखी नाहीं. स्वीडनमध्यें ती २० आहे, जपानांत ३०, इंग्लंडांत ८०. स्कॉटलंडनें मात्र २०१४ सालीं आपली मर्यादा ५० वर आणली. महाराष्ट्रांत आणखी एक मौज आहे. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा येथें नांव बदलून अजून जिवंत आहे, आणि त्यांत रक्तांतल्या मद्यार्काचें जें प्रमाण धरलें आहे तें ०.०५ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, असें आहे. एकाच राज्यांत दोन कायदे आणि दोन मापें. चाक हातीं घेणाऱ्यास त्यांतलें अधिक कडक माप लागू. तें योग्यच म्हटलें पाहिजे.

पण ३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हें घराघरांत कोणी सांगत नाहीं. साठ मिलिलिटरच्या ‘लार्ज’ पेगांत, बाटलीवर छापलेले ४२.८ टक्के धरले तर, सुमारें वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मध्यम अंगलोटाच्या पुरुषानें तो उपाशी पोटीं घेतला तर रक्तांतला आंकडा चाळिसाच्या वर जाऊं शकतो. ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरच्या एका बाटलींत त्याच्या दुपटीइतका मद्यार्क भरतो, आणि तरीही ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ असें म्हणणारे सुशिक्षित लोक आहेतच. एकदां रक्तांत गेलेला मद्यार्क उतरतो तो सर्वसाधारणपणें तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. लिंबू चोखलें, कडक कॉफी घेतली, थंड पाण्यानें आंघोळ केली, तरी हा वेग वाढत नाहीं. यकृत आपल्या चालीनें काम करतें. त्यास घाई करण्याचा उपाय अद्याप कोणास सांपडलेला नाहीं.

याचा हिशेब केला म्हणजे एक निराळीच गोष्ट ध्यानांत येते. मध्यरात्रीं ज्याच्या रक्तांत १५० मिलिग्रॅम मद्यार्क आहे, त्याच्या रक्तांत सकाळीं सात वाजतां ४५ उरतो. सातची पाळी गांठण्यासाठीं तो मोटारसायकलवर बसलेला असतो. त्याची झोप झालेली आहे, अंगाला साबणाचा वास आहे, बायकोनें डबा भरून दिला आहे. आपण रात्रीं प्यालों होतों ही गोष्ट त्याच्या लेखीं कालची आहे. कायद्याच्या लेखीं ती आजची. दुसऱ्यांदा सांपडणाऱ्यांत दारूच्या पूर्ण आहारीं गेलेले लोक असतात हें खरें. पण असाही मनुष्य असूं शकतो, कीं ज्यास आपण दुसऱ्यांदा अपराध करीत आहोंत याची कल्पनाही नसते. अर्थात् कल्पना नव्हती हा बचाव होत नाहीं. कलमाची भाषा ‘वाहन हांकतांना किंवा हांकण्याचा प्रयत्न करतांना’ अशी आहे. तेव्हां किल्ली फिरविणें पुरेसें होऊं शकतें. आणि मोटारसायकल किंवा स्कूटर हींही मोटार वाहनेंच होत, हें वेगळें सांगावयास नको होतें, पण सांगावें लागतें.

यंत्रांत फुंकल्यानंतर काय घडतें? गणवेशांतील पोलीस अधिकाऱ्यास अशा चालकाला वॉरंटावांचून अटक करतां येते. मात्र त्याबरोबर कायद्यानें एक बंधन घातलें आहे. अटकेपासून दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टरकडून त्याची तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्यास कोठडींतून सोडावें लागतें. कागदावर दोन तास पुष्कळ वाटतात. ज्यानें चाकणचा तळेगांव चौक किंवा आंबेठाण चौक संध्याकाळीं ओलांडला आहे त्यास ते पुष्कळ वाटणार नाहींत. शिवाय जो वेळ जातो त्यांत रक्तही स्वस्थ बसत नाहीं. रस्त्यावर ५५ असलेला मनुष्य दोन तासांनीं २५ वर येतो. म्हणूनच जागेवरच्या श्वासाच्या नोंदीस महत्त्व. यंत्रांत फुंकण्याचें किंवा रक्त देण्याचें योग्य कारणावांचून नाकारलें तर सुटका होते, असा एक समज पसरलेला आहे. तो खोटा आहे. तसा नकार फिर्यादीच्या बाजूला बळकटी देणारा मानण्याची मुभा कायद्यानेंच दिली आहे.

हा दंड पोलिसांस जागच्या जागीं भरून घेतां येत नाहीं. शिरस्त्राण नसलें, सिग्नल मोडला, तर तडजोडीचा दंड देऊन मोकळें होतां येतें. कलम १८५ त्या यादींत नाहीं. न्यायालयांत जावेंच लागतें. पिंपरीच्या हद्दींतला पिंपरीच्या, चाकणकडचा खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणें पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पूर्वीं हा दंड दोन हजारांपर्यंत होता. शिक्षा सांगतांना न्यायालयानें निदान सहा महिन्यांसाठीं त्याला लायसेन्स धारण करण्यास अपात्र ठरवावें, असाही कायद्याचा आदेश आहे. याखेरीज पोलिसांनीं लायसेन्स जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवावयाचें, आणि त्या कार्यालयानें चालकाचें म्हणणें ऐकून घेऊन त्यास तीन महिने अपात्र ठरवितां येतें, अशी दुसरी वाट २०१९ सालीं उघडण्यांत आली.

न्यायालयांत उभा राहिलेला मनुष्य बहुधा लवकर सुटूं पाहतो. कामाचा खाडा होतो, शेजारीपाजारीं कळेल याची लाज वाटते, वकिलाची फी अंगावर येते. तेव्हां अपराध कबूल करावा, दंड भरावा आणि पावती खिशांत घालून घरीं यावें, हें त्यास सोपें वाटतें. पुष्कळदां तें योग्यही असतें. परंतु आपण त्या दिवशीं दहा हजार रुपयांची पावती घेतली कीं दोषसिद्धीची नोंद घेतली, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. पावती हरवते; नोंद राहते. दुसऱ्यांदा तो सांपडतो तेव्हां हीच नोंद उघडण्यांत येते.

दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. १९८८ च्या मूळ शब्दांत ही वाढीव शिक्षा मागचा अपराध तीन वर्षांच्या आंतला असेल तरच होती. २०१९ सालीं ती मुदतीची अट काढून टाकण्यांत आली. आतां दहा वर्षांपूर्वींची खेपही मोजतां येते. लायसेन्सच्या बाबतींत फरक याहून मोठा. पहिल्या वेळीं तें कांहीं महिने बंद राहतें. दुसऱ्या वेळीं परिवहन अधिकाऱ्यास तें रद्दच करतां येतें. खासगी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास याचा अर्थ रिक्षानें किंवा चालक ठेवून जाणें. महाळुंग्याहून सुटे भाग भरून निघालेल्या टेंपोवाल्यास याचा अर्थ धंदा संपला. पंधरा हजार रुपये दोघांनाही सारखेच सांगितले आहेत. ते दोघांच्या हातीं सारखे लागत नाहींत.

परंतु ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाहीं. हा मनुष्य दुसऱ्यांदा सांपडला असें पोलिसांनीं म्हणणें निराळें आणि तो पूर्वीं दोषी ठरला आहे असें न्यायालयापुढें सिद्ध करणें निराळें. मागील दोषसिद्धीमुळें वाढीव शिक्षा मागावयाची तर ती दोषसिद्धि, तिची तारीख आणि ठिकाण आरोपांत नमूद केलें पाहिजे, हा फौजदारी प्रक्रियेचा जुना नियम नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही कायम आहे. पहिला खटला चालू असतांनाच तो पुन्हा सांपडला, तर वाढीव शिक्षेला आधार कसला? पहिली शिक्षा दुसऱ्या जिल्ह्यांत झाली असेल, लायसेन्स बिहारांत किंवा उत्तर प्रदेशांत काढलेलें असेल, आणि मनुष्य चाकणला एखाद्या वाहतूकदाराकडे नोकरीस असेल, तर ती नोंद खेडच्या न्यायालयापुढें येणार कशी? यासाठीं कलम २१० आहे. लायसेन्सधारकाला दोषी ठरविणाऱ्या प्रत्येक न्यायालयानें, तें लायसेन्स जेथून निघालें आणि जेथें शेवटचें नूतन झालें त्या कार्यालयांस, अपराध आणि शिक्षा यांची खबर दिली पाहिजे. कलम लहान आहे, कोणाच्या फारसें तोंडीं नाहीं, पण सगळी इमारत त्यावर उभी आहे. ही खबर गेली तर दुसरा अपराध दुसरा ठरतो. न गेली तर तोच मनुष्य चौथ्यांदाही पहिलटकर म्हणून दहा हजार भरून घरीं जातो.

आणि ती गेली तरी? येथें कायद्याचा एक दुबळा सांधा दिसतो. शिडीला पायऱ्या दोनच आहेत. दुसऱ्यांदा सांपडलेला आणि दहाव्यांदा सांपडलेला यांत कलम १८५ भेद करीत नाहीं. दोघांसही तोच ‘किंवा’ उपलब्ध: दोन वर्षें किंवा पंधरा हजार. शिवाय शिक्षा तीन वर्षांच्या आंतली असल्यानें अपराध जामीनपात्रच राहतो. टेक्ससमध्यें तिसऱ्या खेपेस जसा मनुष्य एका वर्गांतून उचलून दुसऱ्या वर्गांत टाकला जातो तसें येथें होत नाहीं. सहा महिन्यांचीं दोन वर्षें होतात, दहाचे पंधरा हजार होतात, लायसेन्स जातें. अपराधाची जात बदलत नाहीं. हें चांगलें कीं वाईट यावर मतभेद होऊं शकतो. व्यसन हा रोग मानणारे म्हणतील, तुरुंगानें रोग बरा होत नाहीं. त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. तथापि, दहाव्या वेळीं सांपडलेल्या मनुष्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांस धाडण्याची आज्ञाही या कलमांत नाहीं. कडकपणा नाहीं आणि औषधही नाहीं, अशी ही मधलीच अवस्था.

अपराधाची जात बदलते ती कोणाचा जीव गेल्यावर. मग मात्र कायदा एकदम मोठी उडी मारतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहांटे मुंबईंत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीनें पदपथावर झोंपलेल्या मजुरांना चिरडलें. सात ठार, आठ जखमी. चालकाच्या रक्तांत मद्यार्क सांपडला होता. खालच्या न्यायालयानें निष्काळजीपणाचें कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली, आणि त्यावरून शहरांत मोठा क्षोभ झाला. त्याच वर्षीं, २००७ मध्यें, उच्च न्यायालयानें त्यास सदोष मनुष्यवधाचा दोषी धरून तीन वर्षें दिलीं. १२ जानेवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तीं कायम केलीं. दारू पिऊन भरधाव मोटार हांकणाऱ्याला माणसें मरतील याची जाणीव होती असें धरतां येतें, हें या निकालाचें सार. एकदां ‘जाणीव’ आली कीं निष्काळजीपणा मागें पडतो. आजच्या न्याय संहितेंत निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास पांच वर्षांपर्यंत कारावास आहे, पूर्वीं तो दोन होता. आणि जाणीवपूर्वक सदोष मनुष्यवधास दहा वर्षांपर्यंत. पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षें देणारें पोटकलमही संहितेंत लिहिलें गेलें, पण जानेवारी २०२४ मध्यें देशभर मालमोटार-चालकांनीं चाकें थांबविलीं आणि तें पोटकलम लागू न करतां बाजूस ठेवण्यांत आलें.

पुणेंकरांस याहून ताजी घटना आठवेल. १९ मे २०२४ रोजीं कल्याणीनगरांत पोर्शे मोटारीखालीं दोन तरुण अभियंते मरण पावले; चालक सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळानें तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्यास त्याच दिवशीं जामीन दिला, तेव्हां देशभर संताप उसळला. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप होऊन ससून रुग्णालयांतील डॉक्टरांना अटक झाली. त्या प्रकरणानें एक गोष्ट साऱ्यांना दाखविली, ती ही कीं कलम कितीही कडक असो, त्याचा सारा भार शेवटीं एका लहानशा कुपींतल्या रक्तावर असतो. अल्पवयीनाच्या हातीं वाहन देणाऱ्या पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, हें कलमही त्या निमित्तानें पुष्कळांनीं प्रथमच वाचलें.

विम्याचा प्रश्न सुशिक्षित घरांत सर्वांत उशिरां सुचतो. चालक नशेंत होता हें ठरलें तर विमा कंपनीला स्वतःच्या मोटारीची नुकसानभरपाई नाकारतां येते. १२ एप्रिल २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तसा निर्णय देतांना श्वासाची किंवा रक्ताची परीक्षा झालीच पाहिजे असें नाहीं, परिस्थितीवरूनही नशा सिद्ध होऊं शकते, असें सांगितलें. रस्त्यावर मेलेल्या किंवा जखमी झालेल्या परक्याला भरपाई द्यावयाची असेल तेव्हां, कंपनीनें ती आधीं द्यावी आणि मागाहून मालकाकडून वसूल करावी, असाही हुकूम होऊं शकतो. म्हणजे पंधरा हजारांच्या दंडाची चिंता करणाऱ्या घरावर लाखांचें देणें येऊं शकतें, आणि तें फेडतांना ज्यांनीं आयुष्यांत थेंबही घेतला नाहीं त्यांचे दागिने विकले जातात.

लायसेन्स बंद झालेल्या चालकाची गोष्ट येथें संपत नाहीं. तो पट्ट्यांतच राहतो. त्याला दुसरें काम येत नसतें. चाकणांत कामें पुष्कळ, पण त्याच्या हातांना वळण स्टिअरिंगचें. सहा महिने हमाली करतों म्हणणारा दुसऱ्या महिन्यांत कंटाळतो. अपात्र असतांना वाहन हांकलें तर कलम १८२ प्रमाणें तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हें केवळ त्यालाच नव्हे. ज्याला लायसेन्स नाहीं अशाच्या हातीं वाहन देणाऱ्या मालकालाही कलम १८० खालीं तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. वाहतूकदाराच्या कचेरींत खिळ्याला टेंपोच्या किल्ल्या टांगलेल्या असतात, गाडी भरून उभी असते, नेहमींचा चालक गांवीं गेलेला असतो, आणि दारांत तो उभा राहून म्हणतो, ‘शेठ, आजच्या दिवस द्या. निघोज्यापर्यंतच जायचं आहे.’ शेठ घड्याळाकडे पाहतो, मग खिळ्याकडे.